खानदेशात भूलतज्ज्ञ म्हणून सुरुवात करताना: कागदांपासून दुसऱ्या दिवसाच्या भेटीपर्यंत

धुळ्याच्या, जळगावच्या किंवा बाहेरच्या एखाद्या महाविद्यालयात भूलशास्त्र शिकत असताना बऱ्याच गोष्टी आपसूक झालेल्या असतात. सकाळी मशीन कोणीतरी तपासलेलं असतं, शेजारच्या टेबलावर सीनियर असतात, रक्तपेढी आवारातच असते. शिक्षण संपवून चोपडा, शहादा किंवा चाळीसगावच्या वीस खाटांच्या दवाखान्यात पहिल्या कॉलवर गेलात की यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. मशीन तुमचं नाही, सिस्टरची ओळख नाही, औषधांचा ट्रे कोणी भरला ते माहीत नाही. कॉलवर फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला कामाचा दर्जा सोबत घेऊनच जावं लागतं. तो काही बॅगेत असतो, काही हाताच्या सवयींत, आणि बराचसा वेळेवर "थांबा" म्हणण्यात. पहिल्या वर्षात या सवयी कशा लावायच्या, ते इथे कामाच्या क्रमाने लिहिलं आहे.

आधी कागद

एमबीबीएसची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असतेच. एमडी, डीएनबी किंवा डीए ही भूलशास्त्रातली पदव्युत्तर पात्रता तिथे वेगळी चढवावी लागते, आणि ती चढेपर्यंत भूलपत्रकावर किंवा शिक्क्यावर लिहू नका. नूतनीकरण दर ५ वर्षांनी होतं आणि त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचे, ३० क्रेडिट तास लागतात. ते शेवटच्या वर्षात धावपळ करून जमवण्यापेक्षा दरवर्षी सहा-सात तास केलेले बरे.

व्यावसायिक विमा पहिल्या केसच्या आधी घ्या. या पॉलिसीत एक मेख असते. घटना घडली तेव्हा विमा होता एवढं पुरत नाही, दावा दाखल होतो तेव्हाही तो चालू असावा लागतो. नूतनीकरण चुकलं तर मागच्या सगळ्या वर्षांचं संरक्षण जाऊ शकतं. म्हणून तारीख मोबाइलमध्ये नाही, घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.

फेंटॅनिल आणि मॉर्फिन ही तीव्र वेदनाशामकं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालं आहे. तुम्ही जिथे जाता तिथे ती मान्यता आणि नोंदवही आहे का, हे विचारायला संकोच करू नका. ही औषधं स्वतःच्या बॅगेत घेऊन गावोगाव फिरायची सवय तर मुळीच नको. अ‍ॅम्प्यूलमध्ये उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकायचं आणि दोघांनी सही करायची. केटामाईन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत आहे, त्यामुळे तेही कुलपात आणि नोंदीत राहिलं पाहिजे.

बॅगेत काय हवं

"तिथे सगळं आहे" असं सर्जन सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांनी ते कधी वापरलेलं नसतं, एवढंच. श्वासनलिकेचं सामान आपलं असावं: लॅरिंगोस्कोपचे (घसा बघत ट्यूब टाकायच्या साधनाचे) दोन हँडल, ३ आणि ४ नंबरची पाती, टोक उचलता येणारं एक मॅकॉय पातं, सुटे सेल, ६ ते ८ नंबरच्या कफवाल्या ट्यूब, लहान मुलांच्या ट्यूब, ३ आणि ४ नंबरचे आय-जेल (घशात बसणारे मास्क), बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक सळई), तोंडाचे एअरवे, मोठ्यांची आणि लहानांची अंबू बॅग (हाताने हवा द्यायचा फुगा). एका वेगळ्या बंद पिशवीत १० नंबरचं स्काल्पेल आणि ६ नंबरची कफवाली ट्यूब ठेवा. ट्यूबही जात नाही आणि मास्कनेही हवा जात नाही, अशा क्षणी गळ्यातून वाट काढायला बूजीसोबत हेच दोन लागतात. तेव्हा बॅग उपसत बसायला वेळ नसतो.

लहान मुलांसाठी बिनकफाच्या ट्यूबचा नंबर म्हणजे वय भागिले ४ अधिक ४, कफवाली अर्ध्या नंबरने लहान. ओठापाशी खोली वय भागिले २ अधिक १२ सेंटिमीटर. हिशोब डोक्यात असला तरी एक नंबर वरची आणि एक नंबर खालची ट्यूब ट्रेमध्ये काढून ठेवा.

हातात मावणारा कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटेच्या रूपात दाखवणारा मॉनिटर, विकत घ्या. सुरुवातीच्या कमाईतली ही सगळ्यात चांगली खरेदी आहे. छातीला स्टेथोस्कोप लावून ट्यूब बरोबर जागी वाटते आणि ती अन्ननलिकेत असते, असं अनुभवी हातांचंही होतं. पोटात गॅस असेल तर पहिल्या एक-दोन फुग्यांना कॅप्नोग्राफवरही लहानशी लाट दिसू शकते, म्हणून सलग सहा श्वास सारखी लाट दिसेपर्यंत ट्यूब जागेवर आहे असं मानू नका. लाट नाही म्हणजे ट्यूब नाही. आधी काढा, मास्कने हवा द्या, मग विचार करा.

आता औषधं. इथे खानदेशचं ऊन मध्ये येतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. स्कोलिन आणि अ‍ॅट्राक्युरियम ही स्नायू सैल करणारी औषधं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. डिकीत पडलेल्या स्कोलिनचा जोर हळूहळू कमी होतो. नेहमीचा डोस देऊनही जबडा सैल पडत नाही, मग आपण पुन्हा डोस देतो, आणि पेशंटचा ऑक्सिजन घसरत राहतो. लस नेण्याचा डबा घ्या. बर्फाच्या पॅक आणि अ‍ॅम्प्यूलमध्ये कापडाची घडी ठेवा, कारण औषध गोठलं तरी वाया जातं. आणि ज्या दवाखान्यात नेहमी जाता तिथला फ्रिज एकदा उघडून बघा. वीज गेल्यावर तो इन्व्हर्टरवर चालतो का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी चालत नाही.

फोनवर विचारायचं

"सर, सिझर आहे, या लवकर." एवढ्यावर गाडी काढू नका. निघतानाच, गाडी सुरू करायच्या आधी, दोन मिनिटांत हे विचारून घ्या: वय आणि वजन, कशासाठी सिझर, शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं, हिमोग्लोबिन, बीपी, प्लेटलेट, आधीचं ऑपरेशन, चालू गोळ्या. मग दवाखान्याबद्दल: ऑक्सिजन किती आहे, सक्शन चालू आहे का, मदतीला कोण असेल, रक्त कुठून येणार आणि किती वेळात. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडे हा शेवटचा प्रश्न फार मोठा आहे. रक्त घाटातून खाली जाऊन आणायचं असेल तर पिशवी निघाल्यावर केस सुरू करायची, की केस सुरू करून पिशवीची वाट पाहायची, हे फोनवरच ठरलं पाहिजे.

बाळाच्या ठोक्यांसाठी धावपळ चालू असेल तर हे प्रश्न गाडी चालवता चालवता विचारू नका. ड्रायव्हर असेल तर ठीक. नसेल तर निघण्याआधी विचारा, नाहीतर पोचल्यावर विचारा.

मशीनपाशी पंधरा मिनिटं

ओटीत शिरलात की आधी मशीनकडे जा, नमस्कार-चमत्कार नंतर. पहिला ऑक्सिजन.

छोट्या बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, जम्बोमध्ये साधारण ७००० लिटर. मिनिटाला ६ लिटर वापरलात तर बी-टाइप जेमतेम चार तास जातो, आणि काटा अर्ध्यावर असेल तर दोन तास. गॅसवर चालणारा व्हेंटिलेटर लावला तर फुगा ढकलायलाही ऑक्सिजनच जातो, म्हणून हा हिशोब अर्ध्यावर येऊ शकतो.

काट्याकडे नुसतं बघून भागत नाही. काल केस झाल्यावर कोणीतरी सिलिंडर बंद केलेला असतो, पण नळीत दाब अडकून राहिलेला असतो आणि काटा "भरलेलं" दाखवत राहतो. भूल दिल्यावर पाच मिनिटांत तो दाब संपतो. म्हणून सिलिंडरचा नॉब स्वतःच्या हाताने पूर्ण उघडा आणि फ्लश, म्हणजे ऑक्सिजन एकदम सोडणारं बटण, दाबून धरा. काटा जागेवर राहिला तर ठीक. फ्लश दाबताच काटा पडला आणि सोडल्यावर हळूच वर आला, तर नॉब अर्धवट उघडा आहे किंवा सिलिंडर संपत आला आहे. मग दुसरा सिलिंडर लावून हेच पुन्हा करा आणि चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा. रात्री चावी शोधत फिरण्याची वेळ नेहमी वाईट क्षणीच येते.

नायट्रस ऑक्साइड (नायट्रस) हा भुलीचा गॅस वापरत असाल तर त्याचा काटा वेगळ्या पद्धतीने वागतो. आतलं द्रव संपेपर्यंत तो एकाच जागी राहतो आणि मग झपकन पडतो, त्यामुळे त्यावरून किती उरलं ते कळत नाही. जुन्या बॉईल्स मशीनवर नायट्रस चालू असताना ऑक्सिजन बंद करून बघा. नायट्रस आपोआप कमी झाला नाही, तर त्या मशीनवर नायट्रस न वापरणंच शहाणपणाचं. यॉकमधल्या, म्हणजे सिलिंडर जिथे बसतो त्या चौकटीतल्या, पिन तुटलेल्या किंवा काढलेल्या आहेत का तेही बघा. ऑक्सिजनच्या यॉकमध्ये २ आणि ५ या जागांवर पिन असतात. त्या नसतील तर चुकीचा सिलिंडरही आरामात बसतो.

नवीन पाइपलाइन टाकलेल्या ओटीत पहिली केस करताना ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लागतोच, कारण जोडणीत अदलाबदल होऊ शकते. शंभर टक्के ऑक्सिजन चालू असताना पेशंट निळा पडायला लागला आणि ट्यूब जागेवर आहे, तर पाइपलाइन काढून टाका आणि सिलिंडर उघडा. नुसता सिलिंडर उघडून उपयोग नाही, कारण जोडलेल्या पाइपलाइनमधून तोच गॅस येत राहतो. तेही जमत नसेल तर अंबू बॅग आणि खोलीतली हवा.

मग सर्किट, म्हणजे मशीनपासून पेशंटपर्यंतची श्वासाची नळी. व्हॉल्व्ह बंद करा, तोंड अंगठ्याने दाबा, फुगा ३० सेंटिमीटर दाबापर्यंत भरा. तो टिकला पाहिजे. बेन सर्किटमध्ये नळीच्या आत नळी असते, आणि ती आतली नळी सुटलेली असेल तर पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत घेत राहतो. आतल्या नळीचं तोंड सिरिंजच्या दांड्याने बंद करा. फ्लोमीटरमधला बॉबिन थोडा खाली यायला हवा. नाही आला तर ते सर्किट फेका. व्हेपोरायझरचं झाकण घट्ट आहे का, त्यात औषध आहे का, सक्शनचा दाब हाताच्या तळव्याला जाणवतो का, टेबल डोक्याकडे खाली होतं का, मॉनिटरची बॅटरी वीज काढल्यावर टिकते का, हे सगळं पाच मिनिटांत होतं.

मॉनिटरबद्दल भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेची किमान अपेक्षा स्पष्ट आहे: केस संपेपर्यंत प्रशिक्षित भूलतज्ज्ञ स्वतः हजर, पल्स ऑक्सिमीटर, बीपी, ईसीजी आणि पूर्ण भुलीला कॅप्नोग्राफ. यातलं पहिलं कलम सगळ्यात जास्त वेळा मोडलं जातं.

पेशंटशी बोलणं

"उपाशी आहे का?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी "हो" असतं. लोकांच्या लेखी चहा, केळं, दोन बिस्किटं म्हणजे खाणं नव्हे. त्याहून घोटाळ्याची गोष्ट म्हणजे श्रावण, नवरात्र आणि एकादशी. बाईंनी सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी खाल्लेली असतात आणि त्या मनापासून सांगतात, "मला उपास आहे." म्हणून प्रश्न बदला. अहिराणी बोलणाऱ्या घरात थेट "सकायपाईन काय खादं? चहा लिधा का?" असं विचारलं की खरी यादी बाहेर येते. सोबतच्या सासूबाईंनाही वेगळं विचारा.

तास ठरलेले आहेत: साधं पाणी २ तास, आईचं दूध ४ तास, हलकं खाणं आणि गाई-म्हशीचं किंवा पावडरचं दूध ६ तास, तळलेलं-तेलकट ८ तास. दुधाचा चहा म्हणजे दूध, पाणी नव्हे. शेवभाजी आणि वरण-बट्टीचं जेवण साध्या सहा तासांत बसत नाही. प्रसूतीच्या कळा चालू झालेल्या बाईचं पोट मात्र कितीही तासांनी भरलेलंच समजायचं.

तोंड उघडायला सांगा आणि पेशंटचीच तीन बोटं दातांच्या मध्ये उभी जातात का बघा. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांत गालाच्या आतल्या पांढऱ्या, ताठ पट्ट्या हाताला लागतात आणि तोंड दोनच बोटं उघडतं, कधी एकच. अशा पेशंटला "स्पायनलच (कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करणं) तर आहे" म्हणून हलक्यात घेऊ नका. स्पायनल वर चढली किंवा फसली तर ट्यूब तिथेच टाकायची आहे. फायबरऑप्टिक दुर्बिणीची सोय नसेल तर ठरवून करायची केस मोठ्या केंद्रात पाठवा. अखिल भारतीय डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून बॅगेत ठेवा. ट्यूबचे प्रयत्न तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये ऑक्सिजन ९५ च्या वर आणायचा.

गोळ्यांबद्दल विचारताना "काही औषध चालू आहे का?" एवढ्याने भागत नाही. गुडघेदुखी आणि दम्यासाठी गावाकडे कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात, आणि त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. गोल चेहरा, पातळ कातडी, दंडावर निळे डाग दिसले की पुडी आणायला सांगा. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचं बीपी भूल दिल्यावर पडतं आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्या.

खानदेशात दोन गोष्टी न विसरता विचारायच्या. पहिली कापसाची फवारणी. ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक पोटात किंवा अंगावर गेलेल्या माणसाचं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम मंदावलेलं असतं, कधी कित्येक दिवस. स्कोलिन मोडायचं काम तेच एन्झाइम करतं. पाच मिनिटांत उतरणारं औषध मग तासन्‌तास उतरत नाही आणि पेशंट व्हेंटिलेटरवर राहतो. विष घेतलेल्या पेशंटला ट्यूब टाकायची असेल तर स्कोलिनऐवजी रोक्युरोनियम वापरा, सक्शन आणि अ‍ॅट्रोपिन जवळ ठेवा, हातमोजे घाला आणि त्याचे कपडे काढून अंग धुवून घ्यायला सांगा.

दुसरी गोष्ट सिकल सेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत हा आजार बराच आढळतो. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून अनेकांकडे तपासणीचं कार्ड असतं. ते मागा. कार्ड नसेल तर सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. ती सकारात्मक आली तर वाहक की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिसवरच कळतं. आजारी पेशंटसाठी चार शत्रू आहेत: थंडी, कोरडेपणा, ऑक्सिजन कमी होणं आणि आम्ल वाढणं. उपाशी ठेवताना लगेच सलाईन सुरू करा, ओटीचा एसी मंद करा, अंगावर गरम पांघरूण घाला, टुर्निके (रक्त अडवणारा पट्टा) टाळता आला तर टाळा. यांचं हिमोग्लोबिन एरवीही बऱ्याचदा ७-८ च्या आसपास असतं. तो आकडा पाहून घाईने रक्त चढवू नका, आधी फिजिशियनशी बोला.

संमती भुलीची वेगळी घ्या, आणि पेशंटला कळेल त्या भाषेत. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या कुटुंबात सिस्टर किंवा आशाताई दुभाषी म्हणून बसवा आणि त्यांचीही सही घ्या. अंगठा असेल तर साक्षीदार हवाच. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये संमती म्हणजे काय ते नीट सांगितलं आहे. छापील कागदावर सही घेणं म्हणजे संमती नाही. काय देणार, काय होऊ शकतं, दुसरा पर्याय काय, हे सांगितल्याची नोंद हवी.

स्पायनलची सिरिंज

छोट्या दवाखान्यात सगळ्यात जास्त दिली जाणारी भूल हीच, म्हणून इथे सावकाश वाचा.

सिझरसाठी ०.५ टक्के हेवी बुपिवाकेन साधारण १.८ ते २.२ मिलिलिटर, २५ किंवा २७ नंबरची सुई, कमरेच्या हाडांच्या रेषेवरून तिसऱ्या-चौथ्या मणक्याची फट. ही माहिती सगळ्यांना असते. चूक घडते ती ट्रेवर. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडची अ‍ॅम्प्यूल आणि हेवी बुपिवाकेनची अ‍ॅम्प्यूल कित्येक कंपन्यांच्या बाबतीत सारखीच दिसते. तीच काच, तसंच पारदर्शक औषध, लहान अक्षरं. सिझरमध्ये ट्रानेक्झामिक रक्तस्राव कमी करायला आणि बुपिवाकेन बधिर करायला लागतं, म्हणून दोन्ही एकाच ट्रेवर येऊन बसतात. ट्रानेक्झामिक मणक्यात गेलं तर काही मिनिटांत पाठ आणि पाय भाजल्यासारखे दुखतात, पाय झटके देतात, फिट येते, हृदयाची लय बिघडते. जगभरात यात अनेक बाया गेल्या आहेत. ट्रानेक्झामिक भुलीच्या ट्रेवर किंवा ट्रॉलीत ठेवायचंच नाही. ते सर्जनच्या बाजूला किंवा खोलीबाहेरच्या कपाटात असू द्या. अ‍ॅम्प्यूल स्वतः फोडा. फोडण्याआधी नाव सिस्टरला वाचायला लावा आणि मग तुम्ही मोठ्याने वाचा. कोणी भरून दिलेली सिरिंज मणक्यात कधीही घालू नका, कितीही ओळखीची सिस्टर असो.

औषध गेल्यावर बाईंना डावीकडे १५ अंश कलवा आणि पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला बीपी घ्या. बीपी पडायची वाट बघू नका. मळमळ हीच पहिली खूण असते. बीपी वाढवणारं फिनाइलएफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा मेफेन्टरमिन ६ मिलिग्रॅम सिरिंजमध्ये पातळ करून लेबल लावून तयार ठेवा. स्पिरिटचा बोळा छातीपर्यंत फिरवा. गार लागणं स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत बंद झालेलं असेल तरच सर्जनला सुरू करायला सांगा. हाताला मुंग्या, पकड ढिली, आवाज बारीक आणि "श्वास पुरत नाही" ही तक्रार एकत्र आली तर स्पायनल वर चढते आहे. ऑक्सिजन, फिनाइलएफ्रिनऐवजी अ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅट्रोपिन, आणि ट्यूबची तयारी. बाईंशी बोलत राहा, कारण त्या शुद्धीवर असतात आणि घाबरलेल्या असतात.

गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन झपकन ढकलू देऊ नका. ३ युनिट सावकाश, बाकी सलाईनमधून. बीपी जास्त असलेल्या बाईला त्याच कामाचं मेथर्जिन नाही. प्लेटलेट ७० हजारांच्या खाली असतील तर स्पायनलचा आग्रह सोडा.

बधिर करण्याच्या औषधांची मर्यादाही सर्जनला तोंडी सांगा: बुपिवाकेन किलोमागे २ मिलिग्रॅम, अ‍ॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेन ७. टाके घालताना तेही औषध मोजायचं असतं. तोंडाभोवती बधिरपणा, कानात आवाज, मग फिट आली तर २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण) किलोमागे १.५ मिलिलिटर दोन-तीन मिनिटांत, आणि पुढे मिनिटाला किलोमागे ०.२५. लिपिडची बाटली कुठे ठेवली आहे हे ब्लॉक (नसेभोवती बधिर करणारं इंजेक्शन) देण्याआधी विचारायचं.

टेबल सोडायचं नाही

स्पायनल देऊन शेजारच्या दवाखान्यात दुसरी स्पायनल द्यायला जाणं, हा प्रकार ऐकायला मिळेल, कदाचित कोणी तुम्हालाही सुचवेल. एका वेळी एक पेशंट. सिझर चालू असताना रक्तस्राव सुरू झाला की सर्जनचे हात अडकलेले असतात, आणि खोलीत श्वासाकडे बघणारं दुसरं कोणी नसतं. याला पर्याय नाही, आणि कमी पैसे किंवा लहान ऑपरेशन हे कारण चालत नाही.

पूर्ण भुलीनंतर स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवायला निओस्टिग्मिन किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम आणि ग्लायकोपायरोलेट देऊनही लगेच ट्यूब काढू नका. पेशंटने डोकं पाच सेकंद उचलून धरलं पाहिजे, डोळे उघडले पाहिजेत, सांगितलेलं कळलं पाहिजे. भुलीतून सावरल्याचे आल्ड्रेट गुण ९ झाल्यावरच वॉर्डात. रिकव्हरीची खोली नसेल तर ओटीच्या दारात, ऑक्सिजन आणि सक्शनजवळ खाट लावा आणि किमान अर्धा तास तिथेच थांबा. सिस्टरला नुसतं "लक्ष ठेवा" असं सांगू नका. "दर दहा मिनिटांनी बीपी, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर मला फोन" असं लिहून द्या.

लिहून ठेवणं

भूलपत्रकात दर पाच मिनिटांची नोंद, औषधाची वेळ आणि प्रमाण. संकट आल्यावर आधी पेशंट, लिहिणं नंतर. पण "नंतर लिहिलं" असं वेळेसह लिहा. चुकीवर एक आडवी रेघ आणि सही, खाडाखोड नाही. रुग्णाने मागितलेली नोंद ७२ तासांत द्यावी लागते आणि किमान तीन वर्षं जपावी लागते. मुलांच्या केसची नोंद त्याहून कितीतरी जास्त जपा. तुमची कार्बन कॉपी तुमच्याकडेच राहू द्या.

पैसे आणि झोप

दर आधी आणि लेखी: दिवसाचा, रात्रीचा, प्रवासाचा, रद्द झालेल्या कॉलचा. दर महिन्याला हिशोब मागा. व्यावसायिक शुल्कातून १० टक्के टीडीएस कापला जातो, तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते तिमाहीला बघा. केस पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं व्यवसायाच्या आचारसंहितेत बसत नाही. त्यातून सुटायचं असेल तर पहिल्या महिन्यातच नकार द्या. पुढे तो देणं अवघड होतं.

दोन रात्री सलग जागलेल्या माणसाने तिसरा कॉल घेऊ नये. धुळे-जळगाव रस्त्यावर पहाटे ट्रकांमधून गाडी चालवताना डुलकी लागणं ही या व्यवसायातली खरी जोखीम आहे. जवळच्या तालुक्यांतल्या तीन-चार सहकाऱ्यांचा गट करा आणि रात्रींची वाटणी कागदावर ठरवा. गटातला कोणी गप्प गप्प राहायला लागला, फेंटॅनिलच्या नोंदी जुळेनाशा झाल्या, तर त्याच्याशी लगेच बोला. औषध हाताशी असलेल्या आपल्या पेशात व्यसन लागतं आणि ते लवकर जीव घेतं.

दुसऱ्या दिवशी

स्पायनल दिलेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी भेटा, जमत नसेल तर सिस्टरकडून फोनवर चार गोष्टी विचारा: पाय हलतात का, लघवी झाली का, डोकं दुखतं का, पाठीत तीव्र वेदना आहे का. बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्याने होते. पॅरासिटामॉल, चहा-कॉफी, भरपूर पाणी, आणि काही दिवसांत कमी झाली नाही तर ब्लड पॅच, म्हणजे पेशंटचंच रक्त पाठीत टोचून ते छिद्र बुजवणं. ताप किंवा मान ताठ असेल तर ती डोकेदुखी वेगळी. आणि उतरलेली भूल पुन्हा चढल्यासारखे पाय जड झाले, पाठ फार दुखते आहे, लघवी अडली आहे, तर "अजून औषधाचा असर असेल" म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. मणक्यात रक्ताची गाठ दाब देत असेल, तर पाय वाचवायला साधारण आठ तास असतात. त्याच वेळी गाडी करून एमआरआय असलेल्या ठिकाणी पाठवा आणि तिथल्या न्यूरोसर्जनला पेशंट निघण्याआधीच फोन करा.